गाविलगडाच्या वाटा

आमच्या वावरातून उत्तरेला पाह्यलं का गाविलगडाचा डोंगर दिसतो. आषाढात ढगात बुडालेला, चैत्रात निळा-काळा. या रांगेतलं सर्वात उंच टोक वैराट, ११७८ मीटर. गड त्याच्याहून खाली, चिखलदऱ्याजवळ. आता हा सारा मुलूख मेळघाटच्या वाघांचा.

बाप म्हणे, "दक्षिणेकडून गडावर बकरी चढते, माणूस चढते, पण भरली गाडी चढत नाही." मले ते नुसतं बोलणं वाटे. पुढं वाचलं तवा कळलं, १८०३ ची लढाई याच गोष्टीवर फिरली.

त्या साली २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावात नागपूरकर भोसल्यांची फौज हरली. उरलेल्यांपैकी बरेच जण गाविलगडात शिरले. वेलस्ली दक्षिणेला पायथ्याशी बसला. तिकडून कडा उभा, जड तोफ चढेना. उत्तरेला मात्र गड पठाराला लागून आहे. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपुराहून, म्हणजे आपल्या अचलपुराहून, डोंगराला वळसा घालून निघाली. रस्ता नव्हताच. तो पाडत पाडत, तोफा हातानं ओढत, तीसेक मैल गेले. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला.

ज्यानं चढावर गाडी हाकली त्याले हे समजते. बैल गुडघे टेकतात तवा माणसालेच चाकाले खांदा लावावा लागते. वेलस्लीचं नाव पुस्तकात आहे, स्टीव्हन्सनचं आहे. दोर ओढून ज्यांच्या तळहाताची सालं निघाली, त्यांचं एकाचंही नाव नाही.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडंच राह्यले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड मात्र निजामाकडं गेला. गड राह्यला अन् वावर गेलं. कुणब्याले कोणी विचारलं नाही. सारा कोणाले भरायचा, एवढंच त्याले सांगितलं असंल.

मागच्या हिवाळ्यात नातवाले घेऊन चिखलदऱ्याकडून गडावर गेलो. माह्ये गुडघे आता दुखतात, तरी पोचलो. पोरगं म्हणे, "आबा, ही वाट तं सोपीच हाय!"

म्या म्हटलं, "हो बाप्पा. म्हणूनच गड इथून गेला."