बाप्तिस्मा आणि मनःशांती : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील साक्ष

प्रस्तावना

कोल्हापूर संस्थानात रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८५२ मध्ये कार्यास प्रारंभ केला. १८७० मध्ये हे मिशन अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात त्या कालखंडाची आठवण टिकून आहे. कोल्हापूर असो वा अहमदनगर, येथील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बव्हंशी मिशनच्या अहवालांवरून लिहिला गेला. आणि अहवालात नोंद होते ती शाळांची, पटावरील मुलांची व बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तींची. साहजिकच बाप्तिस्म्याची तारीख हा धर्मांतरिताच्या चरित्राचा मध्यबिंदू ठरला. पुढील अभ्यासकांनी धर्मांतराकडे सामाजिक बंड म्हणून पाहिले, तरी तारीख तीच राहिली. ज्या मनःशांतीसाठी हा मार्ग धरला असे ही माणसे स्वतः सांगतात, ती त्यांना केव्हा लाभली, हा प्रश्न दोन्ही मांडणींत मागे पडतो.

पंडिता रमाबाई : आठ वर्षांचे अंतर

या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार येथे प्रकरण संपवितात. रमाबाई मात्र १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत वेगळेच सांगतात. बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नव्हता, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. सुमारे आठ वर्षांनंतर विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर हॅस्लम यांना आपल्या श्रद्धेतील पोकळी उमगली होती. हे वाचून रमाबाईंना आपल्या अस्वस्थतेचे कारण सापडले.

हे कारण समजून घेण्यासाठी त्यांच्या बालपणाकडे वळावे लागते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह तीर्थयात्रांत आयुष्य वेचले. दानधर्म, उपोषणे, पुराणवाचन यांत सर्वस्व खर्ची पडले आणि दुष्काळात आईवडील व बहीण दगावली. पुण्य साठवीत जाण्याच्या त्या हिशेबावरचा विश्वास रमाबाईंनी तेव्हाच गमावला होता. वाँटेजनंतरही उपासना आणि नियम पाळून मन निवेल अशी त्यांची समजूत होती, म्हणजे हिशेब तोच, वही तेवढी बदललेली! १८९१ च्या सुमारास त्यांना जे उमगले ते हे की क्षमा कमवावयाची नसते, स्वीकारावयाची असते. त्यांच्या शांतीचा पाया हा आहे.

अर्थात ही साक्ष घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिलेली आहे, आणि अशा लेखनात एका निर्णायक क्षणाची अपेक्षा गृहीत असते. म्हणून ती सावधपणे वाचणे इष्ट. परंतु १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार तिला दुजोरा देतो. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून झालेले वाद वाचताना, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली ही स्त्री स्वस्थचित्त होती, असे कोणी म्हणणार नाही.

या शांतीला निवृत्ती समजणेही चूक ठरेल. १८९३ मध्ये शारदा सदनावर वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार समितीतून अंग काढून घेतले. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व स्त्रिया केडगावात आल्या. मुक्ती मिशनचा व्याप आणि बायबलचे भाषांतर हे सर्व मन स्थिरावल्यानंतरचे आहे.

टिळक दांपत्य

नारायण वामन टिळकांचा प्रवास १८९३ मध्ये रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’पासून सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. त्या दिवसाची किंमत सर्वांत अधिक मोजली ती लक्ष्मीबाईंनी. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त रमाबाईंसारखा निर्णायक ग्रंथ नाही की धर्मशास्त्रीय वाद नाही. तेथे आधी सोवळेओवळे गळून पडते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एकदा मनाशी सुटला आणि मग बाकीचे ओझे हलके होत गेले. विद्वत्तेच्या वाटेने न जाता स्वयंपाकघरातून आलेली ही शांती इतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली नाही. विनोद हा तिचा स्थायीभाव असल्यामुळेही तसे झाले असेल.

टिळक स्वतःही बाप्तिस्म्यापाशी थांबले नाहीत. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. मिशनच्या नोंदवहीत अशा अनुयायांसाठी रकाना नव्हता. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा हा प्रयोग दोनच वर्षांचा होता. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.