प्रार्थनेच्या ओट्यापासून आपल्या जिन्यापर्यंत

संयुक्त राष्ट्रसंघानं १९९९ हे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत भारत सरकारनं वृद्धांविषयीचं पहिलं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. आपली सोसायटी उभी राहिली ती याच्याच आगेमागे. पण आपल्याकडं त्या धोरणाची कुणाला खबरबातही नव्हती. सुरुवातीच्या सभांमध्ये विषय असत बोअरचे, कंपाउंड भिंतीचे आणि मुलांसाठी झोपाळा-घसरगुंडीचे. बहुतेक सभासदांची मुलं तेव्हा शाळेत होती. आज ती मुलं पुण्याला, हैदराबादला, काही सातासमुद्रापार आहेत. ज्यांनी तावातावानं झोपाळा मागितला होता तेच आता जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा मागताहेत. म्हणून या स्मरणिकेत इमारतीच्या इतिहासाबरोबर सोबतीचाही थोडा इतिहास असावा असं वाटलं.

‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द आपल्या लहानपणी नव्हता. म्हातारं माणूस म्हणत, आजी-आबाजी म्हणत. ते ओसरीवर किंवा पारावर बसलेलं असे आणि येणारा-जाणारा विचारून जाई. एकत्र कुटुंबाचं गुणगान आपण फार करतो, पण त्याच घरात मागच्या खोलीत गप्प बसलेली एखादी विधवा आत्याही असे. तिची विचारपूस कोण करी, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावं.

विदर्भात मात्र एक गोष्ट वेगळी घडली होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि पुढं गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव पसरली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत होऊ लागली. तिचा भक्तिभाव आपल्याला ठाऊक आहे, पण तिची एक व्यावहारिक बाजू कुणी फारशी सांगत नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी गावातली म्हातारी माणसं एकत्र बसत. जागा ठरलेल्या असत. एखाद्याची जागा रिकामी दिसली की प्रार्थना आटोपल्यावर कुणीतरी हमखास म्हणे, “बाबाजी आज आले नाही, पाहून या बरं.” कागद नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. आज शहरांतल्या संस्था ‘रोजची विचारपूस’ म्हणून जे करतात ते याहून फार वेगळं नाही.

१९८० साल या इतिहासात महत्त्वाचं. राज्य सरकारची संजय गांधी निराधार अनुदान योजना त्याच साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे ‘फेस्कॉम’, तोही त्याच साली स्थापन झाला. एकानं थोडे पैसे दिले, दुसऱ्यानं संगत. तोवर शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी, एसटीचे, कोर्टातले, बँकेतले असा पेन्शनर वर्ग जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत तयार झाला होता. हातात वेळ, डोक्यात नियम आणि कागदपत्रांची भीती नाही, अशी ही माणसं. त्यांनी संघ काढले, वाचनालयात नाही तर देवळाच्या सभामंडपात जागा मिळवली, नेत्रतपासणीची शिबिरं घेतली, वाढदिवस केले, कळंबच्या चिंतामणीला नाही तर माहूरला सहली नेल्या. कुणाची पेन्शन अडली की दोघं-तिघं मिळून कचेरीत जात. सेवा करणारा पासष्टचा आणि सेवा घेणारा ऐंशीचा, हे या चळवळीचं खरं बळ होतं. उपकार करणारा आणि उपकार घेणारा असा भेद त्यात राहत नव्हता.

पण दोन माणसं या संघांच्या बाहेरच राहिली, असं माझं मत आहे. पहिली म्हणजे बाई. नोकरीच केली नाही तर निवृत्त कशी होणार? सत्तरीतही तिची पोळी-भाजी चालूच. तिची सोबत भजनी मंडळात, भिशीत, पापड-कुरडयांच्या दिवसांत होती, पण तिला कुणी संघ म्हटलं नाही. आणि दुसरा, आपल्या जिल्ह्यातला कास्तकार. त्याला ना रजा, ना निवृत्ती. ज्या घरातला कर्ता मुलगा कर्जापायी जीव देऊन गेला, त्या घरात सत्तरीचे आजी-आजोबा नातवंडांची शाळा आणि शेत दोन्ही ओढताना आपण पाहिले आहेत. त्यांच्यासाठी विरंगुळा केंद्र हा शब्दच परका. ज्यांना घरच उरत नाही त्यांच्यासाठी आर्णी तालुक्यात उमरी पठारचा संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे, आणि तो आहे हे आपलं भाग्यच. पण घर असताना, घरातच, आपल्या मर्जीनं राहता यावं हा प्रश्न निराळा आहे.

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. मुलांनी सांभाळलं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. कायदा हवाच होता. पण न्यायाधिकरण पोटगी देववू शकतं, संध्याकाळी घरी येऊन चहा पीत बसू शकत नाही.

ती जागा भरायला जगभर शेजारीच पुढं आले. इंग्लंडमध्ये १९३८ साली लेडी रीडिंग यांनी विमानहल्ल्यांच्या तयारीसाठी स्त्रियांची स्वयंसेवा संघटना काढली. युद्ध संपलं, पण बायका थांबल्या नाहीत. म्हाताऱ्यांच्या दारी गरम जेवण पोचवणं हे त्यांचं मोठं काम झालं. मुंबईत १९९५ साली डॉ. शीलू श्रीनिवासन यांनी डिग्निटी फाउंडेशन सुरू केलं. एकट्या ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन आणि सोबतीला येणारे स्वयंसेवक, हे तिथलं काम. मला सगळ्यांत पटतं ते केरळचं. कोझिकोडला १९९३ साली वेदनाशामक उपचारांची संस्था सुरू झाली आणि काही वर्षांत मलप्पुरम भागात शेजाऱ्यांचं जाळंच विणलं गेलं. गल्लीतलेच लोक थोडं प्रशिक्षण घेतात, ठरल्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, नर्स-डॉक्टर गरजेप्रमाणं मागाहून येतात, आणि खर्च बराचसा लहान-लहान देणग्यांवर चालतो. हे श्रीमंतांचं काम नाही. दिवस ठरलेला आणि माणूस ठरलेला, एवढंच त्याचं तंत्र.

आपल्याकडं स्वयंसेवेची खरी परीक्षा दर नोव्हेंबरात होते. हयातीचा दाखला! जिवंत माणसानं बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगायचं. पूर्वी सही चालायची. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं आणि अंगठा लावायची सोय झाली. सोय कसली, ज्यांनी जन्मभर भांडी घासली, कापूस वेचला, त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. यंत्र काही केल्या ओळख पटवेना. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, पण मोबाइल धरणारा कुणीतरी लागतोच. ऐंशीच्या पुढच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. त्याच तारखेला, २०२१ साली, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन देशभर सुरू झाली. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. प्रवासाचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये रेल्वेची सवलत गेली ती परत आली नाही, पण ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली. एकट्यानं बसस्टँडवर जाऊन लेकीकडं जाता येणं म्हणजे काय, हे ज्याचा तो जाणे.

आपल्या इमारतीत हे सगळं सुरू झालं ते करोनाच्या टाळेबंदीत. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कुणाची रक्तदाबाची गोळी कधी संपते, याची यादी तेव्हा पहिल्यांदा झाली. तरुणांनी किराणा आणि औषधं दारात ठेवली. टाळेबंदी उठली तशी यादीही विसरली गेली. मग एक काकाजी रात्री न्हाणीघरात पडले आणि सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवेपर्यंत तसेच पडून राहिले. दार आतून बंद. कडी तोडावी लागली. ते बरे झाले, पण त्या आठवड्यात सोसायटीत कुणालाच नीट झोप नव्हती.

त्यातून किल्लीची पद्धत निघाली. एकट्या राहणाऱ्यानं एक किल्ली समोरच्या घरी ठेवायची, रात्री आतली कडी न लावता नुसतं लॅच लावायचं, आणि सकाळी आठपर्यंत दारावरचं वर्तमानपत्र आत गेलं नाही तर समोरच्यानं बेल वाजवायची. वाद झालाच. “माह्यावर पाळत ठेवता काय?” असं एका आजींनी तोंडावर विचारलं, आणि त्यांचं चूक नव्हतं. म्हणून ठरलं की किल्ली कुणाकडं ठेवायची ते ज्याचं त्यानं सांगायचं, आणि विचारल्याशिवाय आत यायचं नाही. त्याच आजी आज बाजारातून येतात तेव्हा खालच्या मुलाला हाक मारतात, “पिशवी तेवढी वर नेऊन दे बाप्पा, हिशेब मीच करते.” भाजी तेच आणून देतील, पण भाव आजीच करतील. मदत इथवरच यायला हवी.

सध्या अकरा घरांच्या किल्ल्या अशा ठेवलेल्या आहेत. किल्ल्या सांभाळणाऱ्यांपैकी सात जण स्वतःच साठीपुढचे आहेत. नोव्हेंबरच्या दाखल्यासाठी दोन मुलींनी नावं दिली आहेत, दोघींची बारावी आहे, त्यामुळं पुढच्या वर्षी त्या इथं नसतील. मधल्या मजल्यावर शनिवारच्या विचारपुशीला कुणाचंच नाव नाही. कठड्याचा ठराव मागच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चामागं ढकलला गेला, तो यंदा विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर आहे.