'विदिन', 'अंडर' आणि 'इन': मराठवाड्याची ओळख ठरवणारे तीन शब्द

१/ इंग्रजी शिकताना प्रीपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यये, बहुतेकांना त्रास देतात. 'इन' लिहिले काय आणि 'अंडर' लिहिले काय, एवढ्याने काय बिघडते, असे वाटते. परंतु निजामाच्या राज्यातील नांदेड-लातूरच्या माणसाचे राष्ट्रीयत्व अशाच लहान शब्दांवर अवलंबून होते.

२/ ब्रिटनच्या १८८९ च्या 'इंटरप्रिटेशन ॲक्ट'ने दोन संज्ञा वेगळ्या केल्या. राणीच्या अधिराज्यातला, म्हणजे 'विदिन' असलेला मुलूख 'ब्रिटिश इंडिया' ठरला. त्यात राणीच्या सार्वभौमत्वाखालची, म्हणजे 'अंडर' असलेली संस्थाने मिळवली की 'इंडिया'.

३/ हैदराबाद संस्थान 'अंडर'मध्ये मोडत होते. नांदेड हा निजामाचा जिल्हा होता आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ही गावे 'इंडिया'त होती, 'ब्रिटिश इंडिया'त नव्हती.

४/ पुढे १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने सम्राटाच्या अधिराज्यात, 'विदिन', जन्मलेल्याला 'ब्रिटिश सब्जेक्ट' मानले. बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. तिथून निघालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली होती. निजामाची प्रजा असलेल्या लातूरच्या दाम्पत्याला एक मूल बार्शीत आणि दुसरे लातुरात झाले असते, तर पहिले 'ब्रिटिश सब्जेक्ट' ठरले असते, दुसरे नाही. भाषा एक, घर एक, आईबाप तेच. राष्ट्रीयत्व मात्र निराळे.

५/ त्या दुसऱ्या मुलासाठी इंग्रजीत वेगळा शब्द होता: 'ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन', म्हणजे ब्रिटिशांचे संरक्षण लाभलेली व्यक्ती. 'सब्जेक्ट' तो निजामाचा. मराठीत 'निजामाचा माणूस' आणि 'लातूरचा माणूस' या दोन्हींना एकच 'चा' पुरतो. इंग्रजी कायद्याने मात्र सत्ता आणि जन्मस्थान यांचे हिशेब वेगळे ठेवले.

६/ संस्थानाच्या आत आणखी एक शब्द चाले: 'मुलकी'. सरकारी नोकरी मुलकी माणसासाठी राखलेली असे. राज्यात किमान १५ वर्षे कायम राहिलेला आणि परत जाण्याचा विचार सोडलेला बाहेरचा माणूसही मुलकी होऊ शकत असे. मुलकी असणे म्हणजे नोकरीचा हक्क. राज्यकारभार ठरवण्याचा हक्क नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा त्या दुसऱ्या हक्कासाठी होता.

७/ १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश सार्वभौमत्व संपले आणि 'अंडर' गळून पडला. निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला. नांदेड-लातूरची माणसे स्वतंत्र भारताच्या मधोमध राहूनही निजामाचीच प्रजा राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

८/ २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. अनुच्छेद ५ ने तेव्हा भारतात अधिवास असलेल्यांसाठी जन्माची कसोटी अशी मांडली: 'बॉर्न इन द टेरिटरी ऑफ इंडिया'. हैदराबाद आता त्या राज्यक्षेत्राचा भाग होते. त्यामुळे बार्शीत जन्मलेला आणि लातुरात जन्मलेला, दोघेही एकाच 'इन'मध्ये आले. 'सब्जेक्ट'च्या जागी 'सिटिझन' आला आणि त्यापुढच्या 'ऑफ'नंतर राजाऐवजी देशाचे नाव आले.

९/ मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतो, तो योग्यच आहे. त्या दिवशी निजामाची सत्ता संपली. प्रजेचे नागरिक होण्यास मात्र आणखी सोळा महिने लागले, आणि ते घडले कायद्याच्या एका वाक्याने.