फूड शेल्फ (मिनेसोटा)

गरजू कुटुंबांना शिधा मोफत देणारे स्थानिक केंद्र. अमेरिकेत इतरत्र ‘फूड पँट्री’ म्हणतात, त्यालाच मिनेसोटा व व्हर्माँट राज्यांत हे नाव आहे. या केंद्रांना माल अन्नपेढी (फूड बँक) पुरवते. जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी 1967 मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथे सुरू केली. मिनेसोटात ‘सेकंड हार्वेस्ट हार्टलँड’सारख्या मोठ्या अन्नपेढ्या शेतकरी, कारखाने व सुपरमार्केट यांच्याकडील शिल्लक माल गोदामात आणतात; तेथून तो गावोगावच्या शेल्फांकडे जातो. चर्चच्या तळघरातही असे केंद्र चालते. पोचा आलेला डबा, आकाराने वेडेवाकडे गाजर, मुदत जवळ आलेले दूध, सारे खाण्याजोगेच. पण नफ्याच्या हिशेबात ते फेकले गेले असते. सद्भावनेने अन्न देणाऱ्याला 1996 च्या संघीय कायद्याने दायित्वापासून संरक्षण मिळाले. पूर्वी बांधलेली पिशवी हाती मिळे. आता अनेक ठिकाणी माणूस ढकलगाडी घेऊन स्वतः निवडतो. हा बदल मोलाचा, कारण त्यात घेणाऱ्याचा मान राहतो आणि आपल्या सवयीचे अन्नही निवडता येते. मिनेसोटातील सोमाली कुटुंबाला हलाल मांस लागते, ह्मोंग समाजाच्या घराला तांदूळ. कडाक्याच्या थंडीत घर उबदार ठेवण्याचे बिल भरले की किराण्याला पैसे उरत नाहीत. नोकरी असलेली माणसेही मग येथे येतात.