बक्षिशी म्हणजे मजुरी नव्हे

'बक्षीस' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो फारसीतून आला हे मुद्दाम सांगावे लागते. 'बख्शीदन' म्हणजे देणे, बहाल करणे. माफ करणे हाही त्याचा एक अर्थ. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते ते बक्षीस आणि हॉटेलातल्या बडीशेपेच्या ताटलीत आपण ठेवतो ती बक्षिशी. दोन्हींत देणाऱ्याची मर्जी असते. मजुरीचे तसे नाही. काम झाले की ती द्यावीच लागते, मालक खूश असो वा नाराज. या दोन गोष्टींत गल्लत झाली की नुकसान नेहमी काम करणाऱ्याचेच होते, असे इतिहास सांगतो.

उस्मानी तुर्कांच्या दरबारात नवा सुलतान तख्तावर बसला की येनीचेरी सैनिकांना बक्षिशी वाटली जाई. ही सुलतानाची मेहेरबानी. पण सैनिकांचे संसार तिच्यावर बेतले जाऊ लागले, तसा मेहेरबानीचा हक्क झाला. १५६६ मध्ये दुसरा सलीम गादीवर आला तेव्हा याच पैशासाठी येनीचेरींनी बंड करून त्याची वाट अडवली. १७७४ मध्ये पहिला अब्दुल हमीद सुलतान झाला, तेव्हा खजिना रिकामा होता. बक्षिशी मिळालीच नाही. ज्याचे पोट मर्जीवर चालते, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: बंड किंवा उपास.

येनीचेरींच्या हातात निदान तलवार होती. अमेरिकेतल्या पुलमन पोर्टरांकडे तीही नव्हती. तिथली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली आणि दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, जॉर्ज पुलमन याने आगगाडीच्या शयनयानांची कंपनी काढली. बिछाने घालायला, सामान उचलायला, बूट पुसायला त्याने मुक्त झालेले काळे पुरुष नेमले. पगार जुजबी, बाकी प्रवाशांच्या टिपवर सोडलेले. त्यातूनच जेवणाचा आणि बूटपॉलिशचा खर्च करायचा. महिन्याला सुमारे ४०० तास काम. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणत, म्हणजे मालकाच्या नावाने, जसे गुलामाला धन्याचे नाव चिकटे. टिप मिळवायची तर या हाकेलाही हसून 'ओ' द्यावी लागे.

गुलामाला मजुरी नव्हतीच. आता मालकाने मजुरीचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकलला आणि त्याला औदार्य असे नाव मिळाले. या पद्धतीची तिथल्या लोकांनाही शरम वाटत होती. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देण्यावर बंदी घातली, मग आणखी काही राज्यांनी. पण पगार कोणी वाढवले नाहीत. बंदीचे कायदे १९२६ पर्यंत सगळीकडे मागे घेतले गेले.

पोर्टरांनी वेगळी वाट धरली. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली. बारा वर्षे झुंजल्यावर १९३७ मध्ये कंपनीने करार केला. पगार वाढला, महिन्याचे तास २४० वर आले. आमचा पगार टिपवर सोडू नका, असे त्यांचे म्हणणे होते. हेच रँडॉल्फ पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे एक प्रमुख सूत्रधार झाले.

हॉटेलातल्या वेटरांना मात्र अशी जीत मिळाली नाही. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा त्यांच्यापर्यंत जवळजवळ पोचलाच नाही. १९६६ च्या दुरुस्तीने पोचला तोही अर्धा: किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम मालकाने टिपमधून वळती करून घ्यावी, अशी मुभा मिळाली. टिप घेणाऱ्याला मालकाने तासाला द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून २ डॉलर १३ सेंट आहे, आणि केंद्रीय कायद्यात ते आजही तेवढेच आहे. टिप धरूनही ७ डॉलर २५ सेंट भरत नसतील तर फरक मालकाने द्यावा, असे कायदा म्हणतो. पण हिशेबाची वही मालकाच्याच गल्ल्याखाली असते. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत मात्र अशी वजावट चालत नाही. तिथे पूर्ण किमान वेतन आणि वर टिप. तिथली हॉटेले काही बंद पडली नाहीत.

आपल्या मुंबईतही हा वाद झाला, फक्त शब्द वेगळा होता. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि १९१७ पासून मालक कामगारांना बोनस देऊ लागले. १९२३ चा बोनस त्यांनी नाकारला. १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने निकाल दिला की बोनस ही मालकांची देणगी आहे, कामगारांचा त्यावर हक्क पोचत नाही. म्हणजे दिवाळीचे पोस्तच म्हणा ना. धन्याने दिले तर दिले. त्या देणगीचा कायद्याने हक्क व्हायला १९६५ उजाडावे लागले.

हॉटेलच्या टिपबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्वच्छ आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा पैसा गिऱ्हाईक देतो, मालकाच्या तिजोरीतून तो जात नाही, म्हणून ते वेतन नव्हे. २०१६ मध्ये आयकराच्या एका खटल्यात, कार्डाने दिलेल्या टिपबद्दलही तेच ठरले. तरी मोठ्या हॉटेलांनी बिलात 'सर्व्हिस चार्ज' घुसवला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या; हा पैसा कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी आहे, हा त्यांचा एक मुद्दा होता. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. माझा प्रश्न साधा आहे. कर्मचाऱ्यांचे भले करायचे तर ते पगाराच्या रकान्यात का दिसत नाही?

इथे मला इस्लामी फिकहमधला एक जुना नियम आठवतो. माणसाला कामावर ठेवण्याचा करार, म्हणजे 'इजारा', खरा ठरण्यासाठी उजरत आधीच ठरलेली आणि दोघांना माहीत असलेली हवी. अनिश्चित मजुरीचा करार सदोष, 'फासिद', मानला जातो. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकू येते. पण मजुरी वेळेवर देण्याआधी ती ठरवावी लागते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

आपल्या मोहल्ल्यांतली बिर्याणीची, कबाबची हॉटेले आठवून पाहा. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली मुले बारा-चौदा तास राबतात. जेवण हॉटेलचे, झोपणे माळ्यावर, पगार नावाला. 'टिप मिळतेच ना' हे ठरलेले उत्तर. रमजानमध्ये तोच शेठ दिलदारपणे इफ्तार घालतो, या मुलांच्या हातावर ईदी ठेवतो, कधी जकातीतले चार पैसेही देतो आणि गल्ल्यावर बसून समाधानी होतो. मी अशा शेठजींना ओळखतो. माणसे वाईट नाहीत. पण मजुरीच्या बदल्यात दिलेली जकात अदा होत नाही, हे कुठल्याही मौलानांना विचारा. ईदी ही ईदी आहे, आणि हॉटेलकामगाराला किमान वेतन देणे हे मालकावर सरकारी कायद्यानेही बंधनकारक आहे.

टिप देऊच नये का? जरूर द्यावी, आणि शक्यतो त्याच्या हातातच द्यावी. कोणी प्रेमाने वाढले तर खूश होऊन देणे ही चांगली रीत आहे. पण आपली बक्षिशी ही त्या मुलाची चैन असावी, एखादा सिनेमा, घरी पाठवायच्या पैशांत थोडी भर. त्याची डाळ-रोटी तिच्यावर अवलंबून असेल, तर आपण ताटलीत ठेवलेल्या वीस रुपयांनी मालकाचे देणे फिटते आहे, आणि समाधान आपण मिळवतो आहोत. ओळखीच्या हॉटेलात बिल देताना एकदा शेठला विचारून पाहा, पगार किती देता? त्याला राग येईल. तरी विचारा.