जुन्या वळणाचे जपानी खेळ: स्मरणरंजनाच्या पलीकडे

इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडीओ गेम कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण आजचा प्रश्न इतिहासाचाच आहे.

२०१८ साली 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' नावाचा जपानी रोल-प्लेइंग गेम आला. यंत्रात भरपूर ताकद होती, तरी त्यातली पात्रं मुद्दाम नव्वदच्या दशकासारखी, ठिपक्या-ठिपक्यांची काढलेली होती. मग २०२२ मध्ये जर्मनीतून 'चेन्ड एकोज' आणि २०२३ मध्ये कॅनडातून 'सी ऑफ स्टार्स' आला. वळण जपानी, काळ जुना, आणि करणारे जपानबाहेरचे! लोकांना यात एवढं काय आवडतं?

नेहमीचं उत्तर म्हणजे स्मरणरंजन. लहानपणी खेळलो, म्हणून आज आवडतं. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आपल्याकडचंच बघा ना. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडीओ गेम आपल्याकडे मिळायचे, त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. कॅसेट लावली की मारिओ, नाहीतर कॉन्ट्रा. उड्या मारा, गोळ्या झाडा. चाळीस-पन्नास तास चालणारी, संवाद वाचत पुढे न्यायची गोष्ट त्यांत सहसा नसायची. म्हणजे त्या पिढीतला एखादा मराठी माणूस आज 'ऑक्टोपॅथ' आवडीने खेळत असेल, तर तो नेमकं काय आठवतोय? त्याच्यापाशी तशी आठवणच नाही.

मग मुळाशी जाऊ या. २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये एनिक्स कंपनीने फॅमिकॉमसाठी 'ड्रॅगन क्वेस्ट' बाजारात आणला. कल्पना युजी होरी यांची, राक्षसांची चित्रं अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. होरींसमोर 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे अमेरिकन खेळ होते. पण ते कीबोर्ड असलेल्या संगणकावरचे. इथे हातात मोजकी बटणं, आणि अख्ख्या खेळाला जागा किती? ६४ किलोबाइट! आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

या टंचाईचं एक उदाहरण सांगतो. परकी नावं लिहायला जपानीत काताकाना नावाची वेगळी लिपी वापरतात. तिची मूळ अक्षरं ४६. कॅसेटमध्ये मावली फक्त २०. म्हणजे राक्षसाचं, मंत्राचं नाव काय ठेवायचं, हे शिल्लक अक्षरं बघून ठरवायचं. खेळ अर्ध्यावर सोडायचा तर यंत्र २० अक्षरांचा परवलीचा मंत्र द्यायचं. तो वहीत उतरवून घ्यायचा. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात. १९८७ च्या दुसऱ्या भागात तर हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जायचा.

आता बघा, या टंचाईतून काय घडलं. राजाचा चेहरा म्हणजे चार ठिपके, आवाज नाहीच. मग आवाज कोण देणार? खेळणारा. कादंबरी वाचताना आपण जे करतो तेच. आणि लढाईत हुकूम निवडेपर्यंत यंत्र थांबून राहतं. बोटांच्या चपळाईला महत्त्व नाही, वेळ तुमच्या हातात. माझ्या मते खरी ओढ इथे आहे. कल्पनेला जागा आणि विचाराला उसंत. ही ओढ वाटायला जुनी आठवण असावी लागत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आजचे खेळ जुन्यातलं सगळं घेत नाहीत, निवडून घेतात. वहीतला मंत्र गेला. पूर्वी चालता चालता अचानक शत्रू समोर यायचा. 'चेन्ड एकोज' आणि 'सी ऑफ स्टार्स'मध्ये तो आधीच दिसतो. 'ऑक्टोपॅथ'मधला प्रकाश आणि खोली जुन्या यंत्रांना झेपलीच नसती. फार काय, आज आपण ज्याला 'जुनं' म्हणतो ते धारदार कडांचे चौकोन तेव्हाच्या काचेच्या टीव्हीवर तसे दिसायचेच नाहीत. कडा विरघळून मऊ व्हायच्या. म्हणजे हा भूतकाळ नव्हे, भूतकाळाची निवडक, धुऊन-पुसून ठेवलेली आठवण आहे.

यात गैर काही नाही. जुन्या वाड्याची डागडुजी करतानाही आपण वीज घेतोच. अडचण तेव्हा येते, जेव्हा मूळ वाडाच उरत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असं तिचं म्हणणं. नवी आवृत्ती सहज मिळते आणि मूळ मिळत नाही, तेव्हा पुढची पिढी नव्यालाच १९८६ समजणार. टंचाई, चुका, वहीतली ती अक्षरं, सगळं पुसलं जाणार. आणि टंचाईच पुसली, तर हा घाट असा का घडला हे कळणार कसं?

म्हणून नवे खेळ जरूर खेळा, मजेत खेळा. फक्त माळ्यावर एखादं जुनं यंत्र, एखादी कॅसेट, अगदी नकली का असेना, पडलेली असेल तर भंगारात देऊ नका. ते इतिहासाचं साधन आहे.