चिलखताच्या आतलं कापड

आम्ही नवी मुंबईतल्या सीवूड्सहून बोलतोय. आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. कुणी साताऱ्याकडून आलेली, कुणी कोकणातून, दोघी इथल्याच दारावे-करावे भागातल्या. गटाचं काम शिवणकामाचं. गाऊन, परकर, शाळेचे गणवेश, पिशव्या. आज मात्र आम्ही एका वेगळ्या कपड्याचा इतिहास सांगणार आहोत. हा कपडा कुणाला दिसत नाही, पण त्याच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

झालं असं. आमच्या एका मैत्रिणीची लेक वर्दीत आहे. बंदोबस्ताला जाताना तिला बुलेटप्रूफ जॅकेट घालावं लागतं. मे महिन्यात ती दोन दिवसांसाठी घरी आली. आईनं तिच्या पाठीला हात लावला आणि हात मागेच घेतला. पाठभर घामोळं, खांद्यावर पट्ट्याचे वळ, काखेत साल गेलेली. आई म्हणाली, "अगं, हे काय?" लेक म्हणाली, "आई, खूप झालं की मी बाजूचे पट्टे सैल करते. जरा वारा लागतो."

पुढच्या बैठकीत हप्ते जमा करून झाल्यावर मैत्रिणीनं हे सांगितलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. पट्टे सैल केले की जॅकेट सरकतं. जिथं झाकायचं तिथंच फट पडते. म्हणजे जॅकेट चांगलं असूनही पोर उघडी पडते, आणि तेही कशामुळं? तर आत घातलेला बनियन चुकीचा आहे म्हणून.

तेव्हापासून आमच्या डोक्यात एकच प्रश्न बसला. पूर्वीच्या काळी चिलखताच्या आत काय घालत असतील?

त्याच सुमाराला गटाची सहल मुंबईला गेली. सीवूड्सहून हार्बरची गाडी पकडली आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलं. तिथं अकबर बादशहाचं सोळाव्या शतकातलं पोलादी छातीकवच आणि ढाल आहे. त्यावरची सोनेरी नक्षी बघून डोळे दिपले. पण आमच्यातल्या एका मावशींनी काचेला नाक लावून विचारलं, "हे उघड्या अंगावर कसं घालत असतील? उन्हात तवाच की हा!"

मावशींचं म्हणणं बरोबरच होतं. लोखंड उघड्या अंगावर घालताच येत नाही. कड्यांचं चिलखत म्हणजे हजारो बारीक लोखंडी कड्या एकमेकींत ओवलेल्या. ते अंगाला खरचटतं, उन्हात तापतं आणि घामानं गंजतं. शिवाय वार कड्यांनी अडवला तरी त्याचा दणका आत जातोच. तो दणका झेलायला आत जाड, मऊ कापड लागतं. म्हणून जगभर चिलखताखाली कापसाचे किंवा इतर कापडाचे अनेक पदरी कपडे घालत आले आहेत. युरोपातले सरदारसुद्धा पोलादाच्या आत असाच भरीव डगला घालायचे.

आपल्याला चिलखत म्हटलं की प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९. अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं होतं आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. खानानं मिठीत घेऊन कट्यारीचा वार केला आणि चिलखतानं तो अडवला. वाघनखांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या चिलखताच्या आत महाराजांच्या अंगाला कोणतं कापड होतं, ते कुणी शिवलं, हे आम्ही ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीत येत नाही. वाघनखांना नाव मिळालं, चिलखताला मिळालं. आतल्या बंडीला कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की काही वेळा कापड हेच चिलखत असायचं. मुघलांच्या काळात 'चिलता' नावाचा एक डगला होता. फारसीत 'चिहल' म्हणजे चाळीस आणि 'तह' म्हणजे पदर. चाळीस पदरांचा डगला! आता सांगा, जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून, जवळजवळ धावदोरा घालून आपण काय शिवतो? गोधडी. वाकळ. त्याच हिशोबानं शिवलेलं कापड तलवारीचा आणि बाणाचा जोर कमी करायचं. एक पदर फाटतो, दुसरा अडवतो, तिसरा जोर शोषून घेतो. आपल्या आज्या थंडी अडवायला जे शिवत होत्या, तीच युक्ती रणात वार अडवत होती.

पण नुसतं जाड कापड घातलं की झालं, असंही नाही. कोरिया देशात १८६० नंतरच्या काळात बंदुकीच्या गोळीपासून वाचण्यासाठी सुती कापडाचे थरावर थर शिवून जॅकेट केलं होतं. १८७१ साली अमेरिकेच्या सैन्याशी लढताना सैनिकांनी ते घातलं. ते इतकं जाड होतं की उन्हाळ्यात आतला माणूस उकडून निघायचा, आणि तोफगोळ्याच्या ठिणगीनं पेटही घ्यायचं. म्हणजे संरक्षणाचा कपडा अंगाला झेपला नाही तर तोच बाधतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. आजच्या बुलेटप्रूफ जॅकेटमागे एक बाई आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या स्टेफनी क्वोलेक. जन्म १९२३ चा. दहा वर्षांच्या असताना वडील गेले. आई शिवणकाम करायची. स्टेफनीला लहानपणी कापड आणि शिवणाचा इतका नाद होता की आपण कपड्यांचे नमुने काढणारी व्हावं असं तिला वाटायचं. पुढे ती रसायनशास्त्र शिकली आणि ड्यूपाँट कंपनीत लागली. १९६५ साली तिच्या हाताखाली एक पातळ, गढूळ द्रावण तयार झालं. नेहमीचं द्रावण घट्ट आणि स्वच्छ असायचं. सूत काढणारा माणूस म्हणाला, यानं माझ्या यंत्राची भोकं बुजतील. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी सूत निघालं ते वजनाच्या मानानं पोलादाच्या पाचपट मजबूत. त्याचंच नाव केव्हलार. या सुताच्या कापडाचे पदरावर पदर रचून जॅकेट करतात. शिवणाऱ्या आईच्या लेकीनं पुन्हा एकदा गोधडीच शिवली म्हणा ना!

आपल्या महाराष्ट्रात बुलेटप्रूफ जॅकेट हा शब्द घरोघरी पोचला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्याच रात्री ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. पुढे करकरे साहेबांचं जॅकेट सापडेना. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात त्या जॅकेटबद्दल विचारणा केली. दुःख पदरात बांधून त्या बाईनं कपड्याचा हिशोब मागितला. कविताताई २०१४ साली गेल्या. २०१८ साली भारतीय मानक ब्यूरोनं बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आयएस १७०५१ हे मानक काढलं. २०२४ साली डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीनं मिळून 'अभेद' नावाचं जॅकेट केलं. त्याचं कमीत कमी वजन ८.२ किलो आहे. हलकं म्हणून त्याचं कौतुक झालं. पण मैत्रिणींनो, आठ किलो म्हणजे धान्याची भरलेली पिशवी अंगाला बांधून दिवसभर उभं राहायचं!

आणि हे बहुतेक सगळं पुरुषांच्या अंगाची मापं धरून झालेलं. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ साली उभी राहिली. पण अमेरिकेसारख्या देशातही बायकांच्या मापाचं सैनिकी जॅकेट चाचणीला यायला २०१२ साल उजाडलं. छातीला आवळणारं, काखेत रुतणारं, कमरेवर टेकणारं जॅकेट आपल्या लेकी निमूट घालत आल्या आहेत. जॅकेट बदलणं आपल्या हातात नाही. आतला कपडा मात्र आहे.

म्हणून आम्ही शिवायला बसलो. पहिला बनियन फसला. आम्ही जाड सुती कापड घेतलं, मायेनं खिसा लावला, बाजूला नेहमीची शिवण घातली. लेकीचा फोन आला, "मावशी, तासाभरात ओला चिंब झाला आणि वाळलाच नाही. बाजूची शिवण रुतली, खिशाचं बटण तर छातीत टोचलं." आम्ही खजील झालो. मग एकेक गोष्ट तिला विचारून शिकलो. तुमच्या घरची, गावची लेक वर्दीत असेल तर हे ऐकून ठेवा.

कापड पातळ होजिअरीचं, अंगाला बसणारं पण न आवळणारं घ्यावं. सैल कपड्याच्या चुण्या पडतात आणि वजनाखाली त्याच चुण्या कातडी सोलतात. बिनबाह्यांचा बनियन नको. छोटी बाही हवी, म्हणजे काखेत आणि खांद्यावर पट्टा थेट कातडीला लागत नाही. लांबी कमरेखाली खोचता येईल एवढी. शिवण चपटी, जमल्यास बाजूला शिवणच नको. ओव्हरलॉकची जाड कड कातडीकडे येऊ देऊ नये. मानेमागचा कंपनीचा बिल्ला उसवून काढावा. आत बटण, हूक, तार असं कडक काही नको. ब्रासुद्धा तारेची नको, रुंद पट्ट्यांची सुती बरी.

निव्वळ सुती कापड घाम पितं, पण लवकर वाळत नाही. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण आगीत वितळून अंगाला चिकटतं. याच कारणानं २००६ साली इराकमधल्या अमेरिकी मरीन सैनिकांना तळाबाहेर पॉलिस्टर-नायलॉनचे बनियन घालायला बंदी केली होती. म्हणून जिथं आगीचा, स्फोटाचा धोका आहे तिथं सुतीच घालावं आणि बदलायला दोन जादा सोबत ठेवावेत. नवा बनियन आधी दोनदा धुऊन घ्यावा, खळ देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बनियन घालून, वर जॅकेट चढवून, पट्टे नीट आवळून घरातच अर्धा तास बसावं, वाकावं, हात वर करावेत. जिथं टोचेल तिथं खुणेचा दोरा घालावा.

तिसरा बनियन जमला. लेकीनं आईला फोनवर एवढंच सांगितलं, "आई, आज पट्टे सैल केले नाहीत." आई आमच्यासमोर रडली. आम्हीही रडलो. मग हिशोबाची वही काढली आणि तिच्या सोबतिणींसाठी सहा बनियनांचं कापड आणायचं ठरवलं.

मैत्रिणींनो, चिलखतं संग्रहालयात जपून ठेवली जातात. आतली बंडी घामानं विरते, फाटते, शेवटी तिचं पायपुसणं होतं. तिचा इतिहास कुणी लिहीत नाही, पण वार झेलणारा माणूस चिलखत अंगावर ठेवू शकला तो तिच्यामुळं. तुमच्या गावातली एखादी लेक पोलिसात, सुरक्षा दलात, राखीव दलात असेलच. ती सुट्टीला आली की तिला जेवायला बोलवा, आणि पाठ दुखते का, काखेत रुततं का, हेही विचारा. ती लाजेल, "काही नाही मावशी" म्हणेल. तरी विचारा. आणि मग सुईत दोरा ओवा.